माशाला 'जीए' देता येतो का?

तळ्याकाठची पत्रं

या खेपेला आलेल्या पत्रांपैकी बहुतेक एकाच विषयावरची निघाली, म्हणून मत्स्यबीजाच्या वाहतुकीबद्दलची पत्रं पुढच्या अंकावर ढकलते आहे. खाद्यात अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे सुटे घटक, मिसळली की माशाचं ग्रोथ हार्मोन वाढतं आणि मासा झपाट्याने मोठा होतो, असं कुठूनतरी सगळ्यांच्या कानावर आलंय. ते अर्धं खरं आहे. निखालस खोटं असतं तर बरं झालं असतं, कुणी पैसे घातले नसते.

प्रश्न : ताई, माझं वीस गुंठ्यांचं पन्नी टाकलेलं शेततळं आहे. ऑगस्टमध्ये रोहू, कटला, मृगळ मिळून तीन हजार बोटुकली सोडली. नऊ महिन्यांनी जाळं टाकलं तर सरासरी वजन अडीचशे ग्रॅम. खाद्य म्हणजे शेंगपेंड आणि भाताचा कोंडा, निम्मं-निम्मं. मेहुणे म्हणतात, लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांची पावडर घाल, ग्रोथ हार्मोन वाढतं. द्राक्षाला आपण जीए (जिबरेलिक आम्ल, वनस्पतीचं वाढीचं संप्रेरक) देतो नि मण्याची फुगवण होते, तसं माशाला काही असतं का? किती ग्रॅम घालू?
— एक द्राक्ष बागायतदार, दिंडोरी तालुका

उत्तर : दादा, जीएचा विषय तुम्हीच काढलात ते बरं झालं. घड जीएमध्ये बुडवलेत, पण काडीला सात-आठच पानं आहेत, तर फुगवण होईल का? नाही होणार. म्हणून तर तुम्ही घडामागे पानं मोजता. जीए मण्याला 'वाढ' एवढंच सांगतो, साखर पानांनीच पुरवायची असते.

माशात हे काम पीयूषिका ग्रंथी करते. मेंदूच्या खाली चिकटलेला हा एवढासा दाणा रक्तात ग्रोथ हार्मोन सोडतो. ते थोडंफार थेट काम करतं, पण मुख्य म्हणजे यकृताला निरोप देतं. यकृत मग आयजीएफ-१ नावाचं दुसरं संप्रेरक तयार करतं आणि त्याच्या सांगण्यावरून स्नायू वाढतात. आपण ज्याला मासा अंगाला लागला म्हणतो, ते बरंचसं या दुसऱ्याचं काम. गंमत अशी की यकृत नुसता निरोप आला म्हणून कामाला लागत नाही, आधी कोठार बघतं. खाण्यातून अमिनो आम्लं पुरेशी आणि योग्य मेळात आली असतील तरच आयजीएफ-१ भरपूर बनतं, नाहीतर निरोप तसाच पडून राहतो. अमिनो आम्लांचा हार्मोनशी संबंध आहे तो इथे. मेहुण्यांनी ऐकलं ते खरं, पण टोक भलतंच धरलं.

माशाला दहा अमिनो आम्लं खाद्यातूनच मिळावी लागतात, ती त्याला अंगात बनवता येत नाहीत. तुमच्याकडे पॅकहाउस असेल तर पुढचं लगेच लक्षात येईल. खोकी आहेत, द्राक्षं आहेत, बाया आल्यात, पण द्राक्षं टिकावीत म्हणून प्रत्येक खोक्यात घालायचे ग्रेपगार्डचे कागद शंभरच उरलेत. मग खोकी शंभरच भरणार. बाकीचा माल कितीही असो, पडून राहणार. तुमच्या खाद्यात तो ग्रेपगार्डचा कागद म्हणजे लायसिन.

आकडे बघा. शेंगपेंडीत साधारण ४२ टक्के प्रथिन, कोंड्यात १३. पन्नास-पन्नास किलो घेतलं तर शंभर किलोत साडेसत्तावीस किलो प्रथिन. कागदावर झकास. पण शेंगपेंडीच्या प्रथिनात लायसिन जेमतेम साडेतीन टक्के, कोंड्याच्या प्रथिनात साडेचार. दोन्ही मिळून एक किलोच्या आसपास. रोहूच्या जातीला प्रथिनाच्या साडेपाच ते सहा टक्के लायसिन लागतं, म्हणजे दीड किलोच्या वर. तुमच्या माशाला दोन तृतीयांशच मिळतंय. म्हणजे पेंडीतल्या प्रथिनाचा एक तृतीयांश वाटा तो अंगाला लावूच शकत नाही. आणि प्रथिन काही कोंड्यासारखं पोत्यात भरून ठेवता येत नाही. जास्तीची अमिनो आम्लं शरीर जाळून टाकतं, त्यातला नत्र कल्ल्यांवाटे अमोनिया होऊन पाण्यात जातो. पेंडीचे पैसे तुम्ही पाण्यात घातलेत, हे मी अगदी शब्दशः म्हणतेय.

आर्जिनिनचं म्हणाल तर शेंगपेंड आर्जिनिनने आधीच भरलेली असते, रोहूच्या गरजेहून कितीतरी जास्त. तिच्यात आणखी आर्जिनिन घालणं म्हणजे गोदेला पूर आलेला असताना रामकुंडात तांब्याभर पाणी ओतणं.

मग लायसिनची पावडर का नको? हिशेबाने शंभर किलोला सातशे ग्रॅम पुरेल, कोंबडीखाद्याच्या दुकानात मिळतेही. आता माझीच फजिती सांगते. मी रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलेली, लग्न होऊन द्राक्षाच्या घरात आले. शिकलेली सून म्हणून पहिल्याच वर्षी शेततळं माझ्या ताब्यात दिलं. मी दहा किलो लायसिन आणलं, पेंडीवर भुरभुरलं, पाण्याचा हबका मारला आणि टाकत राहिले. मासे होते तसेच राहिले. पाणी मात्र हिरवंगार झालं आणि ठिबकचे फिल्टर दिवसाआड तुंबायला लागले. सासरे एक शब्द बोलले नाहीत, फक्त रोज सकाळी फिल्टरची जाळी माझ्यासमोर आणून धुवायचे. पुढे एकदा स्टीलच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात चमचाभर लायसिन टाकलं. दोनदा ढवळलं, नाहीसं. तळ सुद्धा स्वच्छ. तेव्हा कळलं की वर्षभर मी तळ्याला खत घालत होते.

जे थोडं माशाच्या तोंडात गेलं असेल, त्याचीही एक अडचण आहे. रोहू-कटल्याला आपल्यासारखी पोटाची पिशवी नसते. घशातून थेट आतडं, आणि ते मात्र शरीराच्या कितीतरी पट लांब. सुटं लायसिन त्या आतड्यात शिरल्या शिरल्या रक्तात जातं, पेंडीतलं प्रथिन सावकाश फुटत मागून येतं. गाडी येऊन रिकामी निघून गेली आणि मजूर नंतर पोचले, तसं. एकाच वेळी सगळी दहा हजर नसली तर स्नायू बांधला जात नाही. म्हणून घालायचंच असेल तर मैद्याच्या खळीत कालवून, वाफवून, गोळी करून घाला, आणि दिवसातून एकदा ढीग टाकण्याऐवजी तीन-चारदा थोडं थोडं द्या. मी शेवयांच्या मोठ्या यंत्रातून पाडते आणि गच्चीवर वाळवते. एका बाजूला सासूबाईंच्या कुरडया, दुसऱ्या बाजूला माझं मासळीखाद्य. सासूबाई माळकरी आहेत, त्यामुळे मधे एक सुती दोरी बांधलेली असते. ती ओलांडायची सोय नाही.

तुम्ही मात्र इतक्यात पावडरीच्या वाटेला जाऊ नका. शेंगपेंड निम्मी करून तिथे सोया डीओसी, म्हणजे तेल काढलेली सोयापेंड, घाला. सोयाच्या प्रथिनात लायसिन सहा टक्क्यांच्या वर असतं, तेवढ्याने दोन तृतीयांशाचा पुरवठा पाच-षष्ठांशाच्या पुढे जातो. सोयात मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल तोकडं असतं, म्हणून कोंड्यातले दहा किलो काढून बिनमिठाची सुकट दळून मिसळा. मासळीच्या प्रथिनात दोन्ही भरपूर असतात. कच्चं सोयाबीन दळून घालायचा मोह टाळा. त्यात प्रथिन पचू न देणारा एक घटक असतो, तो भाजल्याशिवाय जात नाही.

आणखी एक गोष्ट पत्रात तुम्ही एका शब्दात सांगून गेलात, 'पन्नी'. मातीच्या तळ्यात हेच कोंडा-पेंड खाऊन रोहू वर्षात किलोच्या जवळ जाताना मी पाहिलाय. तिथे मासा नुसत्या पेंडीवर जगत नाही. पाण्यातले सूक्ष्म जीव, किडे, गाळातल्या अळ्या यांत उत्तम प्रथिन असतं, लायसिन-मेथिओनिनसकट. पेंडीची उणीव तळंच भरून काढतं आणि श्रेय पेंडीला जातं. पन्नीच्या तळ्यात गाळ नाही, किडे नाहीत, पाणी काचेसारखं. तिथे तुमच्या पोत्यात जे नाही ते माशाला कुठेच मिळत नाही. मृगळ तर तळाशी गाळ चाळणारा मासा, त्याला पन्नीवर सोडणं म्हणजे बैलाला फरशीवर चरायला सोडणं. पुढच्या वर्षी मृगळ वगळा.

प्रश्न : मुलगा जिमला जातो. त्याच्या डब्यावर 'आर्जिनिन, ग्रोथ हार्मोन बूस्टर' लिहिलंय. संपत आलेला डबा बायोफ्लॉकच्या (पाण्यात जिवाणू वाढवून मासे पाळायच्या) टाकीत टाकला तर चालेल का?
— सिन्नर

उत्तर : नको. माणसाचं ग्रोथ हार्मोन तपासताना डॉक्टर आर्जिनिन थेट शिरेतून देतात, तेही ग्रॅममध्ये मोजून. तेवढ्यावरून डब्यावर ओळ आली. बायोफ्लॉकच्या टाकीत ते जिवाणू खातील. मुलाचा डबा मुलालाच संपवू द्या.

प्रश्न : आमच्याकडे सरकी पेंड स्वस्त मिळते. म्हशी तिच्यावर चांगलं दूध देतात. प्रथिनही बरं आहे. माशाला का चालू नये?
— मालेगाव तालुका

उत्तर : भाऊ, म्हशीचं पोट म्हणजे स्वतंत्र कारखाना आहे. तिच्या कोठीपोटातले जिवाणू कसल्याही प्रथिनापासून, अगदी युरियापासूनही, हवी ती अमिनो आम्लं बनवतात आणि मग म्हैस ते जिवाणू पचवते. म्हशीला पेंडीतलं लायसिन मोजायची गरज पडत नाही. माशाकडे हा कारखाना नाही.

सरकीत आधीच लायसिन कमी. त्यात गॉसिपॉल नावाचं पिवळं द्रव्य. तेल काढताना पेंड तापते, तेव्हा हे गॉसिपॉल नेमकं लायसिनलाच चिकटून बसतं आणि ते लायसिन पचेनासं होतं. प्रयोगशाळेच्या कागदावर दिसतं, माशाला मिळत नाही. म्हणून सरकी खाद्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको, आणि पैदाशीच्या माशांना अजिबात नको.

स्वस्त पेंडीच्या नादात आणखी एक सांभाळा. पोतं उघडल्यावर कुबट वास आला किंवा गुठळ्यांवर हिरवट-पिवळी बुरशी दिसली तर ती पेंड परत करा, शेंगपेंड असेल तर हमखास. त्या बुरशीचं विष यकृतावर जातं. वर दिंडोरीच्या दादांना सांगितलं ना, वाढीचं निम्मं काम यकृतात होतं? तेच नासलं तर वरून पीयूषिकेने कितीही निरोप धाडले तरी घ्यायला घरी कुणी नाही.

प्रश्न : मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी आहे. उपाशी ठेवलेल्या माशाच्या रक्तात ग्रोथ हार्मोन वाढतं असं वाचलं. खायला दिलेल्यापेक्षा उपाशी माशात जास्त! हे उलटं नाही का? मग उपास घडवून वाढ करता येईल?
— नाशिक

उत्तर : या महिन्यातलं माझं आवडतं पत्र. बरोबर वाचलंस. ट्राउट, साल्मन, टिलापिया, कित्येक माशांत हे दिसलंय.

खाणं बंद झालं की यकृतावरची ग्रोथ हार्मोनची कुलपं, म्हणजे त्याला पकडणारे ग्राहक रेणू, कमी होतात. आयजीएफ-१ घटतं. एरवी हेच आयजीएफ-१ उलट पीयूषिकेला सांगत असतं, 'पुरे आता.' ते सांगणारंच कुणी उरलं नाही म्हणून पीयूषिका ग्रोथ हार्मोन सोडत राहते. साहेब घसा कोरडा करून ओरडतोय आणि खालचं कार्यालय बंद, अशी ती स्थिती. हार्मोन वाया मात्र जात नाही. वाढ बाजूला ठेवून ते चरबी मोकळी करण्याच्या कामाला लागतं, म्हणजे त्या चरबीवर मासा तग धरतो. जाळ्यात असा मासा ओळखू येतो: डोकं मोठं, पाठ धारदार, शेपटीकडे निमुळता. आमच्याकडे गडी त्याला 'मुंडकं' म्हणतो.

म्हणून कुठल्याही पुडीवर नुसतं 'ग्रोथ हार्मोन वाढवते' असं लिहिलेलं असेल तर विचारायचं की आयजीएफ-१ वाढलं का, आणि सर्वांत आधी, वजन वाढलं का. नुसतं ग्रोथ हार्मोन तर उपाशी ठेवूनही वाढतं, त्याला पुडी कशाला?

उपासाचा उपयोग मात्र लोकांनी करून घेतलाय, आणि तोही आपल्याच नदीच्या दुसऱ्या टोकाला. त्र्यंबकेश्वरला उगवलेली गोदावरी आंध्रात जिथे समुद्राला मिळते, तिथल्या कोल्लेरू सरोवराच्या परिसरात मत्स्यशेतीचा मोठा पसारा आहे. तिथे बोटुकली दाटीवाटीने, बेताच्या खाण्यावर महिनोन्‌महिने खुरटवून ठेवतात आणि मग ती शंभर ग्रॅमच्या पुढची खुरटी पोरं मोठ्या तळ्यात सोडतात. खाणं मिळाल्याबरोबर ती अशी उसळतात की बघत राहावं. यकृताची कुलपं पुन्हा भरतात, आयजीएफ-१ वर येतं, भूकही दांडगी असते. पण उसळी येते ती नंतरच्या चांगल्या खाण्यामुळे. उपासानंतर पुन्हा कोंडाच टाकलास तर मुंडकं मुंडकंच राहील.

परीक्षेत हे लिहिताना 'ग्रोथ हार्मोनला दाद न देणं' असा मुद्दा मांड. आणि जमलं तर एकदा तळ्यावर ये, पाठ्यपुस्तकातला मासा नेहमी धष्टपुष्टच काढलेला असतो.

प्रश्न : थंडीत मासे खात नाहीत. डिसेंबर-जानेवारीत वाढ शून्य. हार्मोन बंद पडतात का?
— निफाड

उत्तर : जवळपास तसंच. मासा थंड रक्ताचा. तुमच्याकडे पारा पाच अंशांच्या खाली जातो तेव्हा शेततळ्याचं पाणीही चांगलंच गारठतं. पाणी अठरा-वीस अंशांच्या खाली गेलं की रोहूची भूक मंदावते, पचन मंदावतं, हार्मोनही. त्या दिवसांत भारी खाद्य टाकणं म्हणजे तळ सडवणं. दुपारी ऊन वर आल्यावर एकदा, थोडंसं टाका आणि अर्ध्या तासाने बघा. तरंगत राहिलं असेल तर दुसऱ्या दिवशी सुट्टी.

प्रश्न : आम्ही आठवड्यातून दोनदा मासे आणतो. शेततळ्यातल्या माशांना वाढीसाठी हार्मोनची इंजेक्शनं देतात असं शेजारच्या काकू म्हणाल्या. मुलांना द्यावं की नाही?
— इंदिरानगर, नाशिक

उत्तर : काकूंचं म्हणणं कुठून आलं असेल ते मला कळतंय. इंजेक्शन असतं, पण वाढीचं नसतं आणि तुमच्या ताटातल्या माशाला नसतं. रोहू-कटला वाहत्या नदीत, पुराच्या पाण्यात अंडी घालणारे मासे, तळ्यात घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी आणि अलीकुन्ही यांनी पीयूषिकेचा अर्क टोचून त्यांच्याकडून अंडी घालवून घेतली. तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. त्या इंजेक्शनमुळेच बीज केंद्रं उभी राहिली. टोचतात ते मोजक्या नर-माद्यांना, पावसाळ्यात, अंडी घालण्यापुरतं.

टिलापियाचं वेगळं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. टिलापियाचे नर वेगाने वाढतात म्हणून जगभर त्याच्या इवल्या पिल्लांना पहिले तीन-चार आठवडे नरसंप्रेरक घातलेलं खाद्य देतात. बाजारात येईपर्यंत पुढे कित्येक महिने जातात आणि तेवढ्या काळात ते शरीरातून निघून जातं. तरी ज्यांना नको वाटतं त्यांनी रोहू घ्यावा, मी वाद घालणार नाही. ग्रोथ हार्मोनचं जनुक बदललेला साल्मन अमेरिकेत २०१५ साली मंजूर झाला, तो मासा वेगळा आणि तो देशही वेगळा.

बाकी माशाच्या अंगातलं स्वतःचं ग्रोथ हार्मोन म्हणाल तर ते एक प्रथिनच आहे. कढईत शिजतं, पोटात पचतं. शिवाय माशाचं काय, गायीचंही ग्रोथ हार्मोन माणसाच्या शरीराला ओळखू येत नाही. त्यामुळेच खुज्या मुलांच्या उपचारासाठी १९८५ पर्यंत ते मृत माणसांच्या पीयूषिकेतून काढावं लागायचं.

शिकत असताना आम्ही बाजारातून कटल्याची मोठी डोकी आणायचो. कवटीचा वरचा भाग कोयत्याने खरवडून काढायचा, मेंदू चिमट्याने हळूच मागे लोटायचा. खाली हाडातल्या एका खोलगट जागेत पांढुरका, किंचित गुलाबी दाणा दिसायचा, तिळाहून जरासा मोठा. तो फुटू न देता उचलून अल्कोहोलच्या तपकिरी बाटलीत टाकायचा. दुपारभर बसलं तर तीस-चाळीस दाणे जमायचे आणि हातांचा वास दोन दिवस जायचा नाही. तुम्ही कटल्याच्या डोक्याचं कालवण करत असाल, तर तो दाणा इतकी वर्षं तुमच्या घरी आमसुलाच्या आंबटात शिजतोच आहे. मुलांना खुशाल वाढा.